आठ डायव्हरांमागे एक फुकट

नूतन बोरसेनं समुद्रात पाय भिजवण्यापलीकडे कधी काही केलेलं नाही. तेही डुमसला, आणि डुमसच्या पाण्याला समुद्र म्हणायचं की पातळ चिखल, हा ज्याच्या त्याच्या समजुतीचा प्रश्न आहे. पण अंदमानात एक माणूस पाण्याखाली बारा मीटर नेऊन सुखरूप वर आणायला कोणत्या महिन्यात किती रुपये पडतात, हे अख्ख्या सुरतेत तिच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. अकरा वर्षं ती हेच करतेय. डाइव्ह रिसॉर्टांचे भाव मागवायचे, त्यांतलं खरं-खोटं वेगळं करायचं आणि सुरतच्या गिऱ्हाइकाला परवडेल असं पॅकेज बांधून द्यायचं.

मी दिलीप, तिच्या शेजारच्या टेबलावर बसतो. मूळचा भुसावळचा, उधना स्टेशनच्या रिझर्व्हेशन खिडकीत अठ्ठावीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसून बायकोच्या स्वयंपाकात नाक खुपसायला लागलो, तेव्हा विजयानंच माझी रवानगी या ट्रॅव्हलच्या ऑफिसात केली. मालक चेतनभाई नवापूरचे, पण सुरतेत वाढलेले. म्हणजे शिव्या गुजरातीत आणि हिशेबही गुजरातीत, फक्त कौतुक मराठीत. त्यामुळे त्यांचं मराठी क्वचितच ऐकायला मिळतं. मी तिकिटं काढतो, नूतन पॅकेज करते.

आयुष्यभर मी एकच भाव विकला. उधना ते जळगाव स्लीपरचं भाडं जे असेल ते. खिडकीत कलेक्टर आला तरी तेच, हमाल आला तरी तेच. त्यामुळे पहिल्यांदा नूतनच्या टेबलावरचा रिसॉर्टचा भावफलक पाहिला तेव्हा माझं डोकंच फिरलं. सहा रात्री, सात दिवस, नवशिक्यांचा चार दिवसांचा कोर्स, माणशी चौऱ्याऐंशी हजार. मी म्हटलं, "एवढे पैसे कोण देतं?"

"कोणीच नाही, काका," नूतन म्हणाली. "तो छापील भाव आहे. तो द्यायचा नसतो, तो खोडायचा असतो."

मग तिनं मला ते सगळं शिकवलं. रिसॉर्टवाला तीस टक्के सूट म्हणतो ती फक्त खोलीवर असते. कारण खोली स्वस्तात दिली तरी त्याच्या खिशातून काही जात नाही. पण बोटीचं डिझेल, हवेच्या टाक्या, शिकवणाऱ्याचा पगार यात त्याला एक पैसा सोडता येत नाही. 'सात रात्री राहा, सहांचे पैसे द्या' ही योजना तर पक्की लबाडी. डाइव्ह केल्यावर निदान अठरा तास विमानात बसता येत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी पाण्यात उतरायचंच नसतं. म्हणजे माणसाला नाइलाजानं राहावंच लागतं, तीच रात्र तो फुकट म्हणून पदरात घालतो. सामानाचं भाडं वेगळं. कुणी पाण्याखालचे फोटो मागितले की चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. सोबत आलेली बायको किंवा म्हातारी आई पाण्यात उतरणार नसेल तर ती 'नॉन-डायव्हर', तिला खोलीपुरते पैसे. आणि दिवाळी? दिवाळीत सूट मागायचीच नाही. हिऱ्याचे कारखाने आणि कापड मार्केट एकदम बंद होतात आणि सगळं सुरत एकाच आठवड्यात गावाबाहेर पडतं, हे अंदमानातल्या रिसॉर्टवाल्यालाही पाठ आहे.

हे झालं तिकडचं. इकडचं गिऱ्हाईकही काही साधं नाही. कापड मार्केटच्या व्यापाऱ्याला एकदम पंधरा टक्के सूट दिली तर तो उठून जातो. त्याला आधी पाच द्यायची, मग चहा पाजून पाच द्यायची, मग तो दारात चप्पल घालत असताना उरलेली पाच द्यायची. त्याच्या धंद्यात वटाव असाच मिळतो. कतारगामच्या हिरेवाल्याला पैशाची सूट नको असते, त्याला काहीतरी फुकट हवं असतं. मग नूतन त्याच्या पॅकेजमध्ये 'सूर्यास्त बोटफेरी मोफत' असं लिहिते. ती फेरी रिसॉर्ट सगळ्यांनाच मोफत देतं. मी एकदा म्हटलं, ही फसवणूक नाही का? तर म्हणाली, "काका, त्याला शेवटी एकसष्ट हजारच पडतात आणि मार्केटवाल्यालाही एकसष्टच. फक्त प्रत्येकाचा जिना वेगळा."

एक फसवणूक मात्र तिला स्वतःला खुपायची. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "बेन, तमे जाते जई आव्या?" तुम्ही स्वतः जाऊन आलात का? नोकरीच्या पहिल्याच महिन्यात चेतनभाईंनी शिकवलं होतं की याला 'हो' म्हणायचं. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जातं. म्हणून अकरा वर्षं नूतन 'हो' म्हणत आली. कान कसे दुखतात, आधी भीती कशी वाटते, मग पोपटी मासे कसे अंगावरून जातात, हे ती असं सांगायची की मीच दोनदा फसलो होतो. एकदा एका शाळकरी मुलीनं विचारलं, "मावशी, पाण्याखाली आवाज कसा येतो?" नूतनला उत्तर देता येईना. तिनं काहीतरी सांगितलं, पण ती मुलगी गेल्यावर दिवसभर कामात तिचं लक्ष नव्हतं.

तिच्या घरचं सांगतो. वडील सुकदेव अमळनेर तालुक्यातले; पांडेसऱ्याला डाईंग मिलमध्ये रंगखात्यात होते. रंगखातं म्हणजे जिथं भुकटीचा रंग उकळत्या पाण्यात कालवतात, ती जागा. नूतन पांडेसऱ्याच्या चाळीतच वाढली. वडिलांना अक्षरओळख नव्हती, आई भागीरथीलाही नव्हती, त्यामुळे सातवीतल्या नूतनकडे चाळीतले सगळे कागद यायचे. रेशनचे अर्ज, बँकेच्या पावत्या, मिलची वार्षिक तब्येतीची कार्डं. तिचं अक्षर चांगलं म्हणून लोक रांग लावायचे. सुकदेव चोपन्नाव्या वर्षी गेले. शेवटची चार वर्षं ते घरात ऑक्सिजनच्या नळीवर होते. त्या काळात तिनं संध्याकाळचं कॉलेज करून बी.कॉम. केलं. मग लग्न झालं. नवरा ललित एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर सुपरवायझर. एक मुलगा, यंदा दहावीला. तिला महिना बावीस हजार मिळतात. एकसष्ट हजारांचं पॅकेज ती विकते, घेऊ शकत नाही. एवढं साधं आहे ते.

आता त्या फुकटच्या जागेबद्दल. रिसॉर्टचा नियम असा की आठ पैसे भरणारे डायव्हर आणले की नववा फुकट. विमानाचं तिकीट सोडून सगळं. ही नववी जागा आमच्या ऑफिसात चेतनभाईंची मानली जायची. दरवर्षी त्यांचा मेहुणा जायचा. तीन वेळा अंदमान करून आलेला तो गृहस्थ एकदाही पाण्यात उतरला नव्हता. त्याला बोटीवर उलट्या व्हायच्या. नूतननं आठ जमवायचे आणि मेहुण्यानं ओकायचं, असा तो व्यवहार. माझा तिळपापड व्हायचा, पण मी तिकीटवाला, बोलणार कोण?

गेल्या वर्षी नवरात्र संपलं आणि नूतननं स्वतःच विषय काढला. चेतनभाईंच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "या वेळी नववी जागा मला द्या."

चेतनभाईंनी मोबाइलमधून डोकं वर काढलं. "अरे नूतनबेन, इसमें मांगने का क्या? पण आठ तुमचे जोईए हां. नवे आठ. ऑफिसचे जुने गिऱ्हाईक नाही."

"आणते."

"तो पक्का. नववी सीट तुमची."

नवे आठ आणायचे कुठून? दिवाळीत सूट नाही, मे महिन्यात समुद्र खवळायला लागतो. इथं तिनं जे डोकं चालवलं ते फक्त पांडेसऱ्यात वाढलेल्या माणसालाच सुचलं असतं. होळीला मिलमधले कामगार उत्तरेकडे आपापल्या गावी जातात. मी खिडकीत असताना होळीच्या गाड्यांनी माझा जीव काढलाय. कामगार गेले की मशिनं थंड पडतात, आणि ते परत येईपर्यंत रंगमास्तरांना आठ-दहा दिवस काही काम नसतं. रंगमास्तर म्हणजे डाईंग युनिटमधला रंग जमवणारा जाणकार. पगार बरा, घरं झालेली, मुलं मोठी आणि सुटी अशा वेळी की रिसॉर्ट अर्धं रिकामं असतं. तिनं पलसाण्याच्या एका युनिटातल्या योगेश मास्तरांना गाठलं. ते खानदेशातलेच, आणि पन्नाशी गाठलेल्या आठ मास्तरांच्या मंडळाचे म्होरके. मंडळ दरवर्षी शिर्डी किंवा वणी करायचं. तिनं त्यांना समुद्राखाली न्यायचं ठरवलं.

योगेश मास्तर भावात कच्चा माणूस नाही. "ताई, छापील सांगू नका, फायनल बोला," एवढंच म्हणाले. तिनं फायनल सांगितलं, एकोणसाठ हजार, तेही लवकर नोंदणीची 'अर्ली बर्ड' सूट मिळाली तर. म्हणजे एकतीस डिसेंबरच्या सहा वाजेपर्यंत नावं, आगाऊ रक्कम आणि प्रत्येकाचा तब्येतीचा फॉर्म रिसॉर्टकडे पोचला पाहिजे. मास्तरांना पटलं, जमलं. डिसेंबरच्या मध्यापर्यंत आठ नावं पक्की झाली. ललितनं तिचं विमानाचं तिकीट दिवाळीच्या बोनसातून काढायचं कबूल केलं. नूतन रोज जेवणाच्या सुटीत रिसॉर्टचे व्हिडिओ बघायला लागली. पूर्वी भाव बघायची, आता पाणी बघायची. मला म्हणाली, "काका, या वेळी खरं 'हो' म्हणेन." इतकी वर्षं शेजारी बसतोय, पण असा चेहरा मी तिचा पाहिला नव्हता.

आता तब्येतीच्या फॉर्मबद्दल सांगायला हवं, आणि यात माझाही दोष आहे. फॉर्मवर बावीस प्रश्न असतात. दमा आहे का, हृदयविकार आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालंय का. एकाही प्रश्नाला 'हो' आलं की डॉक्टरचं पत्र लागतं, पत्राला आठवडा जातो, तोवर अर्ली बर्ड उडून जाते. म्हणून आमच्याकडे पद्धत अशी की गिऱ्हाइकाला फॉर्म दाखवायचाच नाही. आपणच बावीस 'नाही' करायचे आणि सही घ्यायची. सुरतची सगळीच ऑफिसं हे करतात अशी आमची समजूत होती, आणि समजूत सोयीची असली की माणूस ती तपासत नाही. मी तर नूतनला वेळ वाचवायची युक्तीही दाखवली होती. वरच्या ओळीवर 'नाही' करायचं, खाली ओढत न्यायचं, एका दमात बावीस.

एकोणतीस तारखेला दुपारी आठवा माणूस आधार कार्ड द्यायला आला. वाल्मिक मास्तर, बावन्न वर्षांचे, तापीकाठच्या सारंगखेड्याकडचे. पूर्वी ते पांडेसऱ्याला सुकदेवांच्याच हाताखाली होते, म्हणून नूतन त्यांना काका म्हणायची. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी पाणी आणायला बाहेर गेलो तर वाल्मिक मास्तर मधल्या वळणावर कठडा धरून उभे. खिशातून निळा पंप काढून तोंडाला लावला, दोनदा ओढला, डोळे मिटून थांबले. मी वर पाहिलं तर दारात नूतन उभी होती. तिनंही पाहिलं होतं.

ते आत येऊन बसल्यावर तिनं अहिराणीत विचारलं, "काका, हाऊ पंप कवयपासून शे?"

"काही नही वं पोरी. जिना चढीसन दम लागना." मास्तर हसले. "डाक्टर काय, कोणले बी पंप देस."

"फॉर्ममा दम्याचा प्रश्न आहे, काका."

मास्तरांचं हसू गेलं. ते खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात बोलायला लागले. "'नही' लिखी टाक. योगेशले सांगू नको. मिलमा समजनं तं माले रंगखातामाइन काढी टाकतीन. आन मी तापीमा बुडी मारीसन नारय काढेल शेतस लहानपनी. माले पानीनी भीती नही." मग म्हणाले, "तीस साल व्हयनात रंगनी वाफमा. एक डाव तरी चोख्खा पानीमा डोकं घालू दे."

नूतन म्हणाली, छातीच्या डॉक्टरकडे जाऊ, मी येते बरोबर, त्यांनी पत्र दिलं तर प्रश्नच मिटला. मास्तरांनी मान हलवली. "डाक्टर पत्र दे नही. माले म्हाईत शे." फॉर्म तसाच ठेवून ते गेले. जिना उतरायला त्यांना त्रास झाला नाही.

ते गेल्यावर तिनं मला विचारलं, काय करू? मी उंटावरचा शहाणा. म्हटलं, "त्यात काय विचारायचं? बावीस 'नाही' कर. इतकी वर्षं केलेस ना? आत्तापर्यंत कुणाला काही झालंय? मास्तर स्वतः सांगतोय, सही त्याची आहे. तो गळाला तर तुझी जागा जाते." हे मी बोललो. पुढे जे झालं त्यानंतर मला या वाक्यांची लाज वाटली, म्हणून जसंच्या तसं सांगतोय.

तिनं रिसॉर्टला फोन लावला. तिथं शर्वरी म्हणून पुण्याची मुलगी आहे, पाण्यात शिकवतेही आणि बुकिंगही बघते. दोघींची तोंडओळख नाही, पण फोनवर चांगली मैत्री. नूतननं नाव न सांगता विचारलं, पंप घेणारा माणूस खाली उतरला तर काय होतं?

स्पीकर चालू होता, मीही ऐकलं. शर्वरी म्हणाली, "ताई, खाली श्वास अडकला तर त्याला तिथं पंप घेता येत नाही आणि घाबरून एकदम वरही येता येत नाही. वर येताना छातीतली हवा फुगते. ती बाहेर पडायची वाट बंद असेल तर फुप्फुस फाटतं. बारा मीटर खूप असतं. आम्ही त्यांना नेणार नाही, पण फॉर्मवर नसेल तर आम्हाला कळणार कसं?"

 नूतननं मग दुसरा प्रश्न विचारला. "एक जण नॉन-डायव्हर झाला तर सात उरतात. बाकीच्यांचा भाव बदलेल?"

"नाही, सहा डायव्हरांपर्यंत तोच भाव. नॉन-डायव्हरला उलट अठरा हजार कमी. फक्त फुकटची जागा मिळणार नाही. त्याला आठ डायव्हरच लागतात, हेड ऑफिसचा नियम आहे." शर्वरीला तोवर समजलं असावं. "ती जागा तुमची होती का, ताई?"

"बघते," असं म्हणून नूतननं फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस तिनं नववा माणूस शोधला. म्हणजे आठवा. योगेश मास्तरांचा मेव्हणा तयार होता, पण त्याला फुकटात हवं होतं. बँकेतल्या एका साहेबांना सुटी मिळेना. उधन्यातली एक बाई हो म्हणाली, नवऱ्यानं नाही म्हटलं. चेतनभाईंनी तर सरळ सांगितलं, "नूतनबेन, एक फॉर्मसाठी काय एवढं? सही मास्तरची, जोखम मास्तरची." मी मान डोलावली. त्या खोलीत तिच्या बाजूनं कुणीच नव्हतं, वाल्मिक मास्तरसुद्धा नव्हते.

एकतीसला दुपारी चार वाजता तिनं मास्तरांना बोलावून घेतलं. ते पुन्हा वळणावर थांबले, पुन्हा वर आले. तिनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. सात फॉर्म तिनं प्रत्येकाला फोन करून, एकेक प्रश्न वाचून दाखवून, नव्यानं भरले होते. त्यांत एकाच्या कानाचं जुनं ऑपरेशन निघालं, त्याच्या डॉक्टरला स्वतः गाठून पत्रही तिनं त्याच दिवशी मिळवलं होतं. आठवा मोकळा होता. मास्तरांच्या समोर तिनं दम्याच्या प्रश्नावर 'हो' केलं.

"तुन्हं काय जास व्हतं?" मास्तर ओरडले. शेजारच्या मोबाइल दुकानातला माणूस डोकावून गेला. "मन्हा जीव, मन्हा पैसा, मन्ही सही!"

"काका, हाई मी लिखत नही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "अठरा हजार कमी पडतीन तुम्हाले. बोटवर या, मासळी देखा, पन पानीखाल जावानं नही."

"अठरा हजार घाल चुल्हामा!" म्हणून मास्तर निघून गेले. मास्तरांना आपल्यामुळे कुणाची जागा गेली, हे कळलंही नव्हतं. तिनं ते सांगितलं नाही. साडेपाचला तिनं सगळे कागद पाठवले, सात डायव्हर, एक नॉन-डायव्हर. मग ललितला फोन करून म्हणाली की माझं तिकीट काढू नका. मला वाटलं आता रडेल. ती उठली आणि तोंडावर पाणी मारून आली, आणि बुधवारच्या गिऱ्हाइकाचं मालदीवचं काम घेऊन बसली. मला तिचा राग आला होता, हेही खरं. एवढ्या वर्षांनी हाताशी आलेली गोष्ट कुणी अशी सोडतं का?

होळीच्या दुसऱ्या दिवशी मंडळ गेलं. वाल्मिक मास्तर गेले, पण नूतनशी न बोलता. त्यांची कागदपत्रं योगेश मास्तरांनी नेली. त्याच आठवड्यात कतारगामहून एका बाईंचा फोन आला. भाव झाला, सूर्यास्ताची मोफत फेरी झाली, आणि मग तो प्रश्न आलाच. तुम्ही स्वतः गेला होता का? मी टेबलावरून बघत होतो. नूतन म्हणाली, "ना बेन. मी कधी गेले नाही. पण जाऊन आलेल्या साठ-सत्तर जणांना विचारून सांगते."  मग बाईंनी आणखी दोन टक्के मागितले. नूतननं दीड दिले. बुकिंग झालं.

एप्रिलच्या मध्यावर एका दुपारी जिन्यात पावलं वाजली, वळणावर थांबली, मग वर आली. वाल्मिक मास्तर. हातात एक पुठ्ठ्याचं पिवळं कार्ड. नूतन उभी राहिली. मास्तर बसले, पाणी प्यायले आणि सुरुवातीला इकडतिकडचं बोलले. चार दिवस बोटीवर बसलो, म्हणाले. पाणी इतकं चोख्ख होतं की खाली गेलेला योगेश वरून दिसत होता. तिसऱ्या दिवशी त्या पुण्याच्या मुलीनं त्यांना किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात नेलं, डोळ्यांना चष्मा लावला आणि म्हणाली, आता फक्त तोंड पाण्यात घाला, श्वास लागला की उभे राहा. "घालं मी," मास्तर म्हणाले. "देखं." 

"शर्वरीनी सांगं माले," थोड्या वेळानं ते म्हणाले. "ती सीट तुन्ही व्हती."

 मास्तरांनी ते पिवळं कार्ड टेबलावर ठेवलं. मिलचं वार्षिक तब्येतीचं कार्ड. तेच पाच-सहा रकाने, श्वासाचा त्रास, खोकला, डोळे, त्वचा.

"हाई भरी दे," ते म्हणाले.

"काका, तुम्हाले तर लिखता येतं."

"येतं. मन्हा हात 'नही'च लिखस. पंधरा साल तेच लिखेल शे." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "सुकदेवदादानं कार्ड बी तूच भरे ना? मी बाजूलेच ऱ्हाऊ. दादा सांगे, 'नही' लिख पोरी, आन तू लिखे."

मला तेव्हा कळलं. तीन महिने मी शेजारी बसून तिला वेडी समजत होतो. एक सातवीतली मुलगी, चांगलं अक्षर, बाप सांगतोय तसं दरवर्षी 'नाही' लिहितेय, कारण 'हो' लिहिलं तर त्याला रंगखात्यातून काढतील आणि घरात पगार येणार नाही. आणि मी तिला बावीस 'नाही' एका दमात ओढायची युक्ती शिकवली होती. मला तिच्याकडे बघवेना.

नूतननं पेन काढलं. कार्ड सरळ केलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'हो'. अक्षर अजून चांगलं आहे तिचं.

"कवयपासून?" तिनं विचारलं. त्रास कधीपासून, असा प्रश्न कार्डावर होता.

मास्तर छताकडे बघत राहिले. "तुन्हा बाप व्हता तवयपासून."

तिनं मनाशी मोजलं आणि अठरा वर्षं असं लिहिलं. मग पदरानं डोळे पुसले आणि पुढचा रकाना भरायला घेतला, खोकला, 'हो'.

कार्ड खिशात ठेवताना मास्तरांनी विचारलं, पुढच्या होळीला काय भाव पडेल? मी माझ्या जोरावर आठ आणतो, म्हणाले, तरणे, धडधाकट, आणि मला धरू नको त्यांत. नूतननं सवयीनं आधी छापील भाव सांगितला.